हात वर झाला की गजर

आरोग्य केंद्राच्या रफीकने दोन दिवसांपूर्वी दिव्यानीच्या हाताला टीबीच्या तपासणीची सुई टोचली होती. आज त्यानं त्या जागेकडे बॉलपेन हळूहळू सरकवत आणलं आणि जिथं ते अडलं तिथं थांबला. दुसऱ्या बाजूनेही तशीच रेघ ओढली. मग दोन रेघांमधला टणक फुगवटा पट्टीने मोजला.

"चौदा," तो म्हणाला.

"चौदा म्हणजे पास का नापास?" दिव्यानीनं विचारलं.

तिची आई गुणाबाई दारातच खाली बसली. "बाप्पा! म्हणजे माह्या पोरीले टीबी हाय?"

"नाई ना बाई. फोटोत छाती साफ हाय तिची. जंतू अंगात हायेत, पण झोपून. म्हणूनच तर नागपूरच्या डॉक्टरनं आधी हे पाह्यले सांगतलं. सांध्याच्या नवीन इंजेक्शननं अंगाची रोग अडवाची ताकद कमी होते; ते एकदम चालू केलं असतं, तर जंतू जागे झाले असते. आता आधी गोळ्या, मंग इंजेक्शन."

गुणाबाईच्या ओट्याच्या खांबाला टेकून नानाजी ऐकत होते. ही त्यांची रोजची जागा. समोर मारुतीचं देऊळ, देवळामागं त्यांची खोली. धानाच्या केंद्रावर चौकीदारी केली, बायको गेली, मूलबाळ नाही. जन्मभर जपलं ते एक कीर्तन. सिंदेवाहीच्या आसपास कुठं सप्ताह असला की नानाजींना बोलावणं यायचं. गळ्यात हार पडायचा, कपाळी बुक्का लागायचा, लोक पायाशी वाकायचे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खोली आणि स्टोव्हचा आवाज.

दोन वर्षांपूर्वी दिव्यानीचे गुडघे सुजले, बोटं आखडली. सकाळी तिची मूठ उघडायची नाही. तेव्हा नानाजींनीच तिच्या हातात टाळ दिले होते. "देवाचं काम हाय बाई, बोटं आइकतीन." रोज सकाळी ते तिच्या पुढ्यात बसून गायचे, ती रडत रडत वाजवायची, आणि घटकाभरात बोटं खरंच मोकळी व्हायची.

"घरात कोणाले खोकला हाय का?" रफीकने वही काढली. "दोन हप्त्यांच्या वरचा?"

"कोणालेच नाई," गुणाबाई म्हणाली.

"आठवून सांगा. लेकराच्या अंगात हे आपोआप येत नाई. रोज जवळ बसणारं कोणीतरी असन. तो माणूस सापडला नाई, तर तिले गोळ्या देऊन बी पुन्हा लागन. मंग इंजेक्शनचं नाव नाई घेता येत."

नानाजींनी खांबाकडे पाहिलं. दिवाळीपासून त्यांना खोकला होता. धानाच्या भुशीचा आहे, असं त्यांनी स्वतःलाच पटवलं होतं. लोकांना मात्र कळूच दिला नव्हता. कीर्तनात आख्यान रंगात आलं की ते उजवा हात वर करायचे. हात वर झाला की टाळकऱ्यांनी गजर करायचा, खाली आला की थांबायचं. त्या गजरात तोंडावर उपरणं धरून ते खोकून घ्यायचे. लोकांना वाटायचं, महाराजांचा भाव दाटून आला. खोकणारा कीर्तनकार कोण बोलावतो? आणि कीर्तन गेलं असतं, तर त्यांना हाक मारायला गावात कारणच उरलं नसतं.

सांगावं, असं मनात आलं. तेवढ्यात छातीत खवखवलं, आणि सवयीनं उजवा हात वर गेला.

"विठ्ठल विठ्ठल! विठ्ठल विठ्ठल!" मांडीवरचे टाळ उचलून दिव्यानी खणखणीत वाजवू लागली.

नानाजी खोकले. बराच वेळ खोकले. हात खाली आला, तशी ती थांबली.

"पाह्यलं रफीककाका?" ती फुशारकीनं म्हणाली. "मी वाजवलं का नानाजीचा खोकला कोणालेच आयकू येत नाई."

रफीकने मान खाली घालून उगाच वहीची पानं चाळली. कीर्तनाच्या गादीवर उभं राहून गावाला खरं बोलायला शिकवणारे नानाजी, कोवळ्या पोरीकडून आपलं खोटं वाजवून घेत होते.

"रफीकभाऊ," ते म्हणाले, "थुंकीची डबी असन तर द्या मले."

"रोज तिच्या तोंडासमोर बसत होते ना तुमी," गुणाबाई एवढंच म्हणाली. मग तिनं त्यांचा चहाचा कप उचलून ओट्याखाली ठेवला.

"कपानं नाई लागत बाई. हवेनं लागते."

"असू द्या," ती म्हणाली. कप तिथंच राहिला.

डबीचा निकाल रफीकने सांगण्याआधीच नानाजींना ठाऊक होता. रोज तो सायकलनं यायचा आणि समोर बसून गोळ्या गिळायला लावायचा. दिव्यानीलाही रोजची गोळी होती. महिन्याभरानं नागपूरला तिचं इंजेक्शन सुरू झालं. त्या वर्षी सप्ताहाला चिमूरकडचे महाराज आले. नानाजींनी खोलीत बसून कीर्तन ऐकलं.

"आता तुमच्यापासून कोणाले काई होत नाई," दोन महिन्यांनी रफीक म्हणाला. "जा न, बसा ओट्यावर. माणसात या."

"जाईन," नानाजी म्हणाले. गेले नाहीत. बोलावणंही आलं नाही.

एका सकाळी ते एकटेच मारुतीपुढं उभे राहिले आणि गाऊ लागले. आवाज चिरका झाला होता, पण श्वास पुरत होता. दोन चरण झाले आणि सवयीनं उजवा हात वर गेला.

खोकला आलाच नाही.

आणि रस्त्यापलीकडून टाळ वाजले. खणखणीत, सरळ बोटांचे. त्यांनी वळून पाहिलं. दिव्यानी तिच्या ओट्यावर उभी होती, उभी, आणि देवळाच्या उघड्या दारातून आत त्यांच्या हाताकडे बघत गजर करत होती. तिच्यामागं दारात गुणाबाई होती. तिनं पोरीला आत बोलावलं नाही. त्यांना इकडे या असंही म्हटलं नाही.

हात खाली घेतला की ती थांबणार होती. खांदा भरून आला, कोपर थरथरू लागलं. नानाजींनी हात तसाच वर धरून ठेवला.