मंगळवारचा सत्कार

२००५ साल. न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या आमच्या गावात तेव्हा अँब्युलन्स फुकट यायची, कारण ती चालवणारे फुकट राबायचे. त्यातला एक आमचा शैलेंद्र, मूळचा नागपूरचा. मंदीत त्याची नोकरी गेली, पुंजी गेली. अँब्युलन्सचा कॉल आला की वाजणारा कमरेचा पेजर तेवढा राहिला.

त्या नोव्हेंबरात मतपत्रिकेवर एक प्रश्न होता. या स्वयंसेवकांना म्हातारपणी काही मिळावं म्हणून गावाने दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकावेत का?

"ऑफकोर्स टाकावेत!" आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष राजेश म्हणाला. "पण आधी शैलेंद्रचा सत्कार करू. मतदानाच्याच दिवशी. मंगळवारी हॉल हाफ रेटमध्ये मिळतो. प्रोग्रॅम संपला की सगळे मिळून समोरच्या शाळेत जाऊन वोट करू."

शैलेंद्रची बायको रत्ना माझ्याकडे आली. "मावशी, शालींनी कपाट भरलंय. शाली पांघरून रिटायर होता येतं का?"

"थंडी वाजणार नाही एवढंच," मी म्हटलं.

मी सकाळीच मत देऊन आले. आपल्या लोकांचं ‘प्रोग्रॅम संपला की’ मला चांगलं ठाऊक होतं.

सहाचा कार्यक्रम सातला सुरू झाला. ईशस्तवन, परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. मग निष्काम सेवेवर राजेशचं भाषण. त्याला आधी बोलू दिलं म्हणून माजी अध्यक्ष रुसले. मग तेही बोलले. शेवटी शैलेंद्रच्या गळ्यात हार पडला आणि पेजर वाजला. "कोणीतरी जिन्यावरून पडलंय, येतो," म्हणत तो हारासकट पळाला.

रत्ना उभी राहिली. "राजेशभाऊ, आठला पोल्स क्लोज होतात!"

"दोनच मिनिटं, वहिनी. सत्कारमूर्ती गेले, तर नारळ तुम्ही घ्या. फोटो राहिलाय."

फोटोनंतर आभार, आभारांनंतर श्रीखंड गरम होईल म्हणून जेवण. रेशमी साड्यांचा तो घोळका शाळेपाशी पोचला तेव्हा दाराला कुलूप लागत होतं. "सर, वी आर सो मेनी पीपल!" राजेशने विनवलं. कुलूप लावणारा म्हातारा म्हणाला, "मग आधी यायचं होतं."

ठराव पडला. हॉलमध्ये पुरी-श्रीखंड खाणारे होते, त्याहून कमी मतांनी.

नंतर स्वयंसेवक एकेक करून गळाले आणि अँब्युलन्सच्या शेडला टाळं लागलं. शैलेंद्र कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलाकडे, निमिषकडे गेला. आता नातवाला शाळेत सोडतो. पेजर ड्रॉवरमध्ये ठेवलाय म्हणे. रत्नाने शाली वाटून टाकल्या, एक माझ्या गुडघ्यांवर आहे. माजी अध्यक्ष अजून रुसलेले आहेत.

राजेश मात्र अध्यक्षच आहे. गेल्या दिवाळीत आकाशकंदील लावताना शिडीवरून पडला. खासगी कंपनीची अँब्युलन्स आली, सावकाश, आणि मागोमाग बिलही आलं. भेटायला गेले तर तो कण्हत म्हणाला, "मावशी, सेवाभाव राहिलाच नाही हो लोकांत!"

मी जाताना नारळ नेला होता. तोच त्याच्या हातात दिला.