कोटाच्या आतली बंडी

जुन्या कपड्यांचं ते दुकान दोन जावा चालवायच्या. थोरली गल्ल्यावर बसायची आणि बोलायची. धाकटी मागच्या खोलीत बसायची आणि जोड लावायची. दोघींचे नवरे गठ्ठे आणून टाकायचे आणि चहा अर्धा सोडून पुढच्या गठ्ठ्याच्या वाटेला लागायचे. गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणायचे, इतके की बँकेतल्या बाईनेही एकदा त्याच नावाने पुकारा केला होता.

जोड म्हणजे थंडीतला रोजचा पोशाख, टोपीपासून मोज्यांपर्यंत, एकाच हँगरवर. गठ्ठ्यातून निघणारे कपडे एकटे असतात. कोट एका घरचा, विजार दुसऱ्या घरची, स्वेटर कुणाच्या तरी वाढलेल्या मुलाचा. धाकटी त्यांची सोयरीक जमवायची. लोकरीवरच्या गोळ्या फणीने काढायची, गेलेल्या बटणाच्या जागी बरणीतून तसंच बटण हुडकून लावायची, आणि मग सगळं अंथरुणावर पसरून, मान तिरकी करून बघत बसायची. करड्या कोटाखाली विटकरी स्वेटर घातला की कोट जुना दिसेनासा होतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मुलांच्या जोडात ती कोट मुद्दाम एक माप मोठा घ्यायची. पुढच्या थंडीलाही चालला पाहिजे ना! पण मोठ्या कोटात वारा घर करतो. म्हणून आत कापूस भरून टाचलेली बिनबाह्यांची बंडी. कोट वारा अडवतो, ऊब देते ती बंडी. सगळं झालं की ती कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावायची, मोजे खिशात कोंबायची आणि कडा टाचण्यांनी बंद करायची, नाहीतर गिऱ्हाइकं एकेक चीज उपसून दुकानभर करतात. कुणी टाचणीला हात लावलाच तर थोरली गल्ल्यावरून म्हणायची, "धाकटीने लावलाय तो. आत बघायचं कारण नाही."

आणि खरंच, कुणी बघायचं नाही.

घराचा एक नियम होता, थोरलीने घातलेला. जे धड ते गिऱ्हाइकाचं, जे उसवलेलं ते घरचं. थोरलीची मुलं याच नियमावर वाढली होती, आता उंच झाली होती आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. धाकटीच्या बबडीला मात्र वाटायला लागलं होतं. तिच्या विजारीच्या गुडघ्याला बदकाचं ठिगळ होतं. धाकटीने हौसेने लावलेलं. बबडीने एक दिवस ते बदक हाताने झाकून ठेवलं आणि म्हणाली, "आई, आपल्या दुकानात न फाटलेलं पण असतं ना गं?"

धाकटी हसली. पण ते वाक्य काही तिला सोडेना.

त्याच आठवड्यात गठ्ठ्यातून ती बंडी निघाली. जांभळट, आतून मऊसूत, एकही डाग नाही, आणि माप असं की जणू बबडीला उभी करूनच बेतली असावी. धाकटीने ती एका निळ्या कोटाच्या आत घातली. जोड लावला. बटणं लावली. मग बटणं काढली. बंडी बाहेर घेऊन नुसती गालाला लावून बसली. खोलीचं दार उघडंच होतं, पुढे थोरली कुणाशी तरी मफलरीवरून हुज्जत घालत होती.

धाकटीने कात्री घेतली आणि बंडीच्या काखेतले दोन टाके तोडले. टक, टक. एवढंच.

आता ती उसवलेली होती.

निळ्या कोटात तिने एक सुती बंडी घातली. पातळ, उन्हाळी, पण टाचण्या लागल्यावर कोण बघतंय. पुढच्या गठ्ठ्यात दुसरी जाड बंडी निघाली की बदलून टाकू, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि जोड मागच्या खिळ्याला अडकवून, जांभळट बंडी घेऊन ती शेजारी खेळत असलेल्या बबडीला आणायला गेली.

परत आली तर खिळा मोकळा.

"निळा कोट गेला!" थोरली खुशीत होती. "बसवाली आली होती, लेकासाठी. दुसरं काही दाखवलंच नाही मी. म्हटलं, डोळे मिटून ने, आमच्या धाकटीचा हात आहे."

"तो मागे होता, जाऊबाई..."

"मग? मागे काय लोणच्यात घालायचा होता?" मग तिची नजर बबडीच्या अंगातल्या बंडीकडे गेली. "ही कुठली?"

"गठ्ठ्यातली. काखेत उसवली होती."

थोरलीने बबडीचा हात वर करून काख पाहिली, बोटाने चाचपली. "हं. मग घरचीच. शिवून घे नीट." आणि बबडीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "राणीसाहेब दिसतेस की गं."

धाकटीला वाटलं होतं की खोटं बोलणं अवघड जाईल. अवघड गेलं ते थोरलीने विश्वास ठेवला ते बघणं.

बसवाली म्हणजे शाळेची बस चालवणारी. खमकी बाई, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. तिचा लेक बबडीच्याच वर्गात. घरी दुसरं कुणी नसल्यामुळे तो पहाटेच आईबरोबर बसमध्ये चढायचा आणि दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसून सगळा गाव फिरायचा. प्रत्येक थांब्याला दार उघडायचं, आणि प्रत्येक वेळी वारा आधी त्याला भेटायचा.

दुसऱ्या दिवशी धाकटी बबडीला सोडायला थांब्यावर आली. दार उघडलं. निळा कोट समोरच बसला होता. कोट छान दिसत होता, तेच तर वाईट होतं. गळ्यापर्यंत बटणं, टोपी जुळती. पण पोराने दोन्ही हात बाह्यांतून आत ओढून पोटाशी धरले होते आणि त्याचे ओठ कोटाच्याच रंगाला आले होते.

"बघ, तुझा कोट!" बसवाली वरून ओरडली. "काय झकास आहे गं. पण आमचं हे ध्यान बघ. एवढ्या कोटात कुडकुडतंय. नाजूक, दुसरं काय!" आणि लेकाला, "हात बाहेर काढ रे. बाकीची पोरं बसतातच ना?"

बबडी चढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली, गुबगुबीत, उबदार. दार लागलं. धाकटी थांब्यावर उभीच राहिली, लोक बाजूने जात होते तरी.

त्यानंतर तिने गठ्ठे असे उपसले की नवराही म्हणाला, काय हरवलंय का तुझं? जाड बंडी निघेना. बायकांचे कोट निघाले, कानटोप्या निघाल्या, एकदा तर निव्वळ टाय. रोज सकाळी दार उघडायचं आणि रोज बसवाली काहीतरी बोलायची. "काल याला अंगणात पळायला लावलं, म्हटलं ताठ हो जरा." "दूध दुप्पट केलंय." एकदा ती खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "धाकटे, तुला कपड्यातलं कळतं. खरं सांग, कोटात काही कमी आहे का गं?"

धाकटीने बबडीची टोपी कानांवर ओढली. "मोठा आहे ना थोडा," ती म्हणाली. "भरेल हळूहळू."

"कोट भरेल, पण हा कधी भरणार!" बसवाली हसली आणि मागची पोरंही हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "कुडकुड्या!"

ते नाव त्याला चिकटलं. बबडी घरी येऊन सांगायची, आज कुडकुड्या खेळायला आला नाही, आज कुडकुड्या वर्गातच बसला. "असं म्हणू नये," धाकटी दरडावायची. "का? त्याची आई पण म्हणते." बबडी जांभळट बंडीत, घामेजल्या गळ्याने, उत्तराची वाट बघत उभी असायची.

एकदा तिने ती बंडी धुवायला म्हणून काढून घेतली. बबडीला नुसत्या स्वेटरवर पाठवायचं आणि बंडी बसवालीला द्यायची, असा बेत होता. सकाळी बबडी कुरकुरत निघाली, दोन शिंका आल्या, आणि धाकटीने धावत जाऊन बंडी आणून तिच्या अंगात चढवली. स्वतःच्या लेकराच्या दोन शिंका तिला ऐकवल्या नाहीत. दुसरीचं लेकरू रोज गारठत होतं, ते चाललं होतं.

शेवटी तिने स्वतःचा कोट काढला. लग्नानंतर घेतलेला, आत जाड अस्तर असलेला. अस्तर सोडवलं, कापलं, पोराच्या मापाने बेतलं, दुहेरी टाचलं. काम चांगलं झालं. हात लबाड नव्हते, एवढंच त्यात बरं. आपला कोट आता नुसत्या ओढणीसारखा वारा आत येऊ देत होता, तोच घालून ती थांब्यावर गेली आणि बंडी बसवालीच्या हातात दिली. "याच्यासाठी. आत घाल."

बसवालीने बंडी उलटीसुलटी करून पाहिली. मग धाकटीच्या कोटाची सैल पडलेली कड पाहिली.

"तुझ्या अंगातलं काढून दिलंस?"

"तसं काही नाही गं ताई..."

"अगं, सख्खी बहीण करत नाही एवढं!"

धाकटीला वाटलं, आता संपलं. पोराला ऊब मिळाली, खरंच मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात बाह्यांतून बाहेर होते. पण बसवालीचं तोंड कोण धरणार? दुपारपर्यंत गल्लीभर झालं. पोस्टमन म्हणाला, ऐकलं हो. थोरली दर गिऱ्हाइकाला सांगायला लागली, "माझी जाऊ म्हणून सांगत नाही, पण..." आणि धाकटी मागच्या खोलीत लोकरीच्या गोळ्या काढत बसली, मान वर न करता.

संध्याकाळी बबडीने सहज सांगितलं, "आई, तो म्हणतो तो नाजूक आहे म्हणून त्याला जास्तीचं घालायला लागतं. म्हणून तो मोठेपणी बस नाही चालवणार. नाजूक माणसं बस चालवत नाहीत ना?"

धाकटीच्या हातातली विजार तशीच राहिली. ऊब पोचली होती. पण दोष त्याच्याच अंगात राहिला होता, आणि तो काही बंडीखाली झाकला जाणार नव्हता.

ती उठून पुढे गेली. थोरली गल्ला बंद करत होती. "जाऊबाई, बबडीची बंडी उसवलेली नव्हती. मी उसवली. निळ्या कोटातली होती ती."

थोरली बराच वेळ किल्ल्यांशी खेळत राहिली. "मागितली असतीस तर?" ती एवढंच म्हणाली. नेहमीसारखा आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मग किल्ल्या कमरेला खोचत म्हणाली, "बसवालीला कळलंय?"

"उद्या सांगते."

"मी नाही येणार बरोबर."

"नका येऊ."

सकाळी बस आली. दार उघडलं, बबडी चढली. धाकटीने दांडा धरला आणि एक पाय पायरीवर ठेवला, म्हणजे दार लावता येऊ नये. "ताई, त्या निळ्या कोटात जाड बंडी होती. मी ती काढून बबडीला घातली आणि तुला पातळ दिली. हा नाजूक नाहीये. कोटच रिकामा होता."

बसवाली आधी हसली, म्हणजे हसायला निघाली होती. मग तिने बबडीकडे पाहिलं, मग लेकाकडे. इंजिन गुरगुरत होतं.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"वाकून विचारलं होतं गं."

"हो."

"रोज ओरडले मी त्याला. अंगणात पळवलं." तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मला काय सांगतेस? त्याला सांग. बोलणी त्याने खाल्लीत."

धाकटी वर चढली. पोर तिच्याकडे बघत होतं, तोंडात मफलरीचं टोक. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याला कळेल असं सांगितलं, की कोटात ऊब नव्हती कारण मावशीने ती काढून घेतली होती. अशा कोटात कुणीही कुडकुडलं असतं. मोठा माणूससुद्धा.

त्याने मफलरीचं टोक सोडलं. "आई पण?"

"आई पण."

तो विचार करत बसला. मग म्हणाला, "त्यांना सांग." आणि बोटाने मागच्या सीटा दाखवल्या.

धाकटी उभी राहिली. बसभर टोप्या तिच्याकडे वळलेल्या होत्या, आणि पहिल्याच सीटवर तिची बबडी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तिने तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने. बंडी कुणाची होती, कुणी काढली, कुणाला घातली. कुणाला घातली हेही तिने गाळलं नाही. बबडी आपल्या बुटांकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

मग अगदी मागून एक आवाज आला, प्रामाणिकपणे अडचणीत पडलेला.

"मग आता कुडकुड्या कोणाला म्हणायचं?"

"कुणालाच नाही," बसवाली पुढे बघत म्हणाली. "आणि तू खाली बस. धाकटे, उतर. उशीर होतोय पोरांना."

ती उतरली. दार लागलं. काचेतून तिला दिसलं की पोर स्टिअरिंगकडे बोट करून आपल्या आईला काहीतरी विचारत होतं, पुन्हा पुन्हा, तेच एक वाक्य, आणि बसवाली दर वेळी मान हलवून हो म्हणत होती. बबडीने मात्र खिडकीकडे पाहिलं नाही.