गावाने दिलेली बढती

“आत या की,” कावेरी दुसऱ्यांदा म्हणाली, तरी कारभारी ओट्यावरच टेकला. काठी भिंतीला लावून त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट हातात धरून तो ओट्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. आता तिथे गुळगुळीत फरशी होती. पूर्वी शहाबादी दगड होता, मधोमध तडा गेलेला.

पलटणीतून पहिल्या सुट्टीवर येताना योगीराजने त्याला हट्टाने पाटोद्याला, आपल्या घरी आणलं होतं. योगीराजच्या आईने कारभारीला ओट्यावर बसवलं, पत्रावळीवर वाढलं आणि पाणी वरून ओतलं. पालीच्या बौद्धवाड्यातल्या पोराला हे नवं नव्हतं. नवं होतं ते पुढचं. योगीराज आतून आपलं ताट घेऊन आला, त्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून त्याच्या पत्रावळीवर ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती.

“पालीचे मेजर ना तुमी?” योगीराजच्या सुनेने, कावेरीने, विचारलं. “तुमच्या बाळूभाऊंचा फोन आलता दुकानात. हे म्हणले, मेजर येनारेत, अप्पाची गाठ घालून दे.”

“व्हय, मीच मेजर,” कारभारी म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

तो मेजर नव्हता. नोकरीभर साधा शिपाई होता, शेवटी शेवटी लान्स नायक. पण आपल्याकडे पलटणीतून आलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, गाव त्याला मेजर करून टाकतं. बढती द्यायला गावाला दिल्लीला विचारावं लागत नाही. एसटीचा कंडक्टर त्याला मेजर म्हणे, दूधवाला म्हणे. घरात पारूबाईही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून, त्याला मेजरच म्हणे. कारभारी हे नाव आता मतदार यादीवाल्यांखेरीज कुणाच्या तोंडात नव्हतं.

या बढतीने एकदा चांगलाच घोटाळा केला. गेल्या वर्षी पालीच्या ग्रामपंचायतीने माजी सैनिकांच्या नावांचा फलक करायला घेतला आणि नावापुढे पदक लिहायचं ठरवलं. कारभारीच्या नावापुढे काहीच नव्हतं. तेव्हा बाळूने, त्याच्या मुलाने, रेकॉर्ड दुरुस्त करून मिळावं म्हणून अर्ज केला. बाळू शाळेत मास्तर, अक्षर मोत्यासारखं. त्याने बापाला लहानपणापासून ऐकलेल्या नावानेच अर्जात घातलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब; मग उत्तर आलं की मेजर कारभारी नावाचा कोणताही अधिकारी आमच्या दप्तरी आढळत नाही. गावाने आठ दिवस हसून घेतलं. कारभारीही हसला, पण त्या रात्री जेवला नाही.

कारण हसण्यासारखं दुसरं एक होतंच. त्याच्या डिस्चार्ज बुकात लंगड्या पायाचं कारण लिहिलं होतं: गाडीवरून पडून. एक्काहत्तरच्या लढाईत वाळूतल्या सुरुंगाने त्याला उडवलं, खुबा मोडला, वरून रक्ताचा थेंब नाही. दवाखान्यात कारकुनाने विचारलं, “कैसे लगा?” स्फोटाने कान बसलेले. त्याला वाटलं, इथवर कसा आलास म्हणून विचारतोय. “गाडी से,” तो म्हणाला. त्या दोन शब्दांनी त्याची लढाई पुसून टाकली. पुढे कुणीतरी ते पुस्तक चावडीवर वाचून दाखवलं आणि गाडीवरून पडलेला मेजर हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. आपणच आपली पाठ कशी थोपटून घ्यायची म्हणून तो इतकी वर्षं गप्प बसला. आता पंचाहत्तरी झाली होती. गाडीवरून पडलेला माणूस म्हणून मरायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या अर्जाला उत्तर बरं आलं. त्या वेळी हजर असलेल्या कुणाचा जबाब जोडा, म्हणजे विचार करू. हजर असलेल्यांपैकी एकच जिवंत होता. तो आत, पलंगावर बसला होता.

“एक सांगते,” चौकटीपाशी कावेरी हळू आवाजात म्हणाली, “अप्पांचं ध्यान ऱ्हात न्हाई आता. दोन-तीन सालापासून. कधी मला वळखतेत, कधी न्हाई. वाईट वाटून घेऊ नका.”

मग तिने आत वाकून मोठ्याने सांगितलं, “अप्पा, मेजर आलेत तुमाला भेटायला.”

योगीराज वाळून गेला होता. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याबाहेर आलं होतं आणि जयपूर फूट पलंगाखाली चपलेसारखा पडला होता. त्याने दाराकडे पाहिलं. मग पलंगाचा दांडा धरून, एका पायावर, कुणी आवरायच्या आत तो ताठ उभा राहिला आणि त्याने कडक सलाम ठोकला.

“जय हिंद, साब!” आणि आपला नंबर त्याने धडाधड म्हणून दाखवला. “शिपाई योगीराज हाजिर, साब!”

कारभारी खदखदून हसला. योगीराजची सोंगं त्याला जुनीच ठाऊक होती.

“आरं बस बे. लई झालं नाटक.”

योगीराज बसला नाही. त्याचा पाय थरथरत होता, पण हात कपाळावरून हलत नव्हता. तो वाट पाहत होता. कारभारीचं हसू तोंडातच विरलं. मेजर आलेत, असं कावेरीने सांगितलं होतं, आणि त्याच्या मित्राने ते खरं मानलं होतं.

“बैठो,” शेवटी कारभारी म्हणाला.

तेव्हा योगीराज बसला. जरा वेळ गुडघा चोळत राहिला.

“साब, मला रिपोर्ट द्यायचाय. लई दिवस झाले. कुनी आलंच न्हाई.”

“कशाचा रिपोर्ट?”

“कारभारीचा.”

कारभारीने खुर्ची ओढली. ओढताना तिचा आवाज झाला, तो त्यालाच मोठा वाटला.

“सुरुंग काढत होतो, साब. माजा पाय गेला. बाकीचे मागं सरले. त्यांचं बी चुकलं न्हाई, हुकूमच तसा होता. कारभारी तेवढा आला. पोटावर सरकत आला आन् मला पट्ट्याला धरून वडाया लागला. मधीच दुसरा उडला. तो तिकडं फेकला गेला. म्या म्हणलं, आता संपलं. पन परत हात आला, साब, पट्ट्यावर. खुबा मोडला होता त्याचा. वरडला न्हाई. हेल्मेटचा पट्टा दातात धरला होता त्यानं, आन् मला वडत होता.”

हेल्मेटच्या पट्ट्याचं कारभारी स्वतः विसरून गेला होता. आता एकदम त्याच्या जिभेवर त्या चामड्याची खारट चव आली.

“मग?” त्याने विचारलं.

“मग तो गेला, साब. मला पुन्याला नेलं. मला कुनी इचारलंच न्हाई. नुसता पडून ऱ्हायलो, त्याचं मला मेडल दिलं. आन् वडून आननाऱ्याचं नाव न्हाई कुठं.” भिंतीवर चौकटीत लावलेल्या मेडलकडे त्याने बोट केलं. “त्याचं नाव पाठवा, साब.”

कारभारीला राहवलं नाही. तो खुर्चीवरून पुढे वाकला आणि त्याने योगीराजचे दोन्ही हात धरले.

“योगीराज, मीच कारभारी. बग की माज्याकडं. गेलो न्हाई मी. पालीचा कारभारी.”

योगीराजने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग त्याने हात सोडवून घेतले.

“चेष्टा करू नका, साब. मेलेल्या मानसाची चेष्टा करू ने.”

तो लहान मुलासारखा रडू लागला. कावेरी ताटं घेऊन दारात आली होती, ती तिथेच थबकली.

“तुमचं नाव कारभारी हाय?” तिने विचारलं.

“व्हय.”

तिने ताटं खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. “आमाला काय म्हाईत. सगळे मेजरच म्हणतेत. दादा, रोज तुमचंच नाव असतंय वो हितं.”

ताट समोर येताच योगीराज रडायचा थांबला. ज्वारीची भाकर त्याने मधोमध मोडली, अर्धी काळजीपूर्वक ताटाबाहेर, स्वच्छ फडक्यावर ठेवली आणि उरलेली खाऊ लागला.

“रोज काढतेत,” कावेरी म्हणाली. “कारभारीची म्हणून. एकदा म्हणतेत तो गेला, एकदा म्हणतेत येईल, उपाशी आसल. कुनाला हात लावू देत न्हाईत. सांजच्याला मी गाईला घालते, त्यांना न कळता.”

कारभारीला ताट दिलं होतं ते घराच्या मधल्या खोलीत, स्टीलचं, योगीराजच्या ताटाला लागून. वरण पिऊन त्याने ताट सारलं.

जेवणं झाल्यावर कावेरीनेच आठवण केली. “ते कागदाचं काय करायचं? बाळूभाऊ म्हणले होते, सही जमली न्हाई तर अंगठा घ्या. घ्या की. अप्पा खोटं थोडंच बोलले? खरं ते सांगितलं सगळं.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कारभारीने पिशवीतून टाइप केलेला कागद काढला, शाईचं पॅड उघडलं. योगीराजने साहेबांनी मागितला म्हणून हात निमूट पुढे केला. कारभारीने त्याचा अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर जागा बघू लागला. बाळूने मजकूर चांगला केला होता. अगदी वर, पहिलंच वाक्य होतं: समक्ष हजर असलेल्या कारभारी यांना मी जातीने ओळखतो.

त्याने ते वाक्य दोनदा वाचलं. योगीराजचा निळा अंगठा त्याच्या बोटांत तसाच होता. किती सोपं होतं. खाली दाबला की झालं, मग फलकावर नाव, नावापुढे मेडल, आणि चावडीवर कुणाची हसायची टाप नाही. मनातून त्याला ते फार हवं होतं.

“वळखतो म्हणून लिवलंय, बाई,” तो कावेरीला म्हणाला. “वळखत तर न्हाई.”

त्याने खिशातून रुमाल काढला आणि योगीराजचा अंगठा पुसायला घेतला. शाई नखाच्या कडेला बसली होती, तिथे त्याने थुंकी लावून पुसलं. योगीराज त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“नाव पाठवनार ना, साब?”

कारभारीने रुमाल घडी करून खिशात ठेवला. काठीवर भार देऊन तो उठला आणि जमेल तेवढा ताठ उभा राहिला. आयुष्यभर लोकांनी फुकट दिलेली ती बढती त्याने त्या घडीला पहिल्यांदाच घेतली.

“पाठवतो. आजच पाठवतो. आन् आयक, जवान. कारभारी मेला न्हाई. जिता हाय.”

योगीराज पलंगावरून पुढे सरकला.

“खरं, साब?”

“मेजरचा शब्द हाय.”

कारभारीने सांगितलेलं जे पटलं नव्हतं ते मेजरने सांगितल्यावर पटलं. योगीराजचा चेहरा असा उजळला की कावेरीने पाठ फिरवली. तो घाईघाईने वळला, फडक्यावरची अर्धी भाकर त्याने चांगली गुंडाळून गाठ मारली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

“मग ही त्याला द्या, साब. त्याची हाय. आन् त्याला म्हनाव, ओट्यावर बसू नको. आत ये म्हनाव. आईला मी सांगतो.”

परतीच्या एसटीत मांजरसुंब्याच्या घाटात बाळूचा फोन आला. फलकवाला उद्या येणार होता, काय लिहायचं ते विचारत होता.

“निस्तं कारभारी लिव,” त्याने सांगितलं. “फुडं काय नको. आन् मेजर बी लिवू नको.”

“पण दादा, जबाब?”

“झाला जबाब. कागदावर न्हाई झाला.”

पालीला उतरून घरी यायला दिवस मावळला. पारूबाई चुलीपुढे होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तो हात धुऊन भिंतीशी बसला आणि त्याने फडक्याची गाठ सोडली. भाकर वाळून कडक झाली होती.

“जेवला न्हाई का तिथं?”

“जेवलो.”

“मग ही वाळकी कावून खाताव? गरम करते की मी.”

“न्हाई, ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “माज्या वाटणीची हाय.”

त्याने तुकडा मोडला. दातांनी तो चावेना, म्हणून पाण्यात बुडवला आणि हळूहळू सगळी भाकर खाल्ली.