हरेशशेठच्या दुकानापुढचा डबा

मी एक जुना, पोचे आलेला, पंधरा किलोचा तेलाचा डबा आहे. हसलात ना? हसा! पण मित्रांनो, आधी माझा रुबाब तर बघा. पोटात गच्च सिमेंट, मधोमध उभा बांबू आणि बांबूच्या टोकाला लाल अक्षरांची पाटी: ‘येथे गाडी लावू नये.’ जव्हारच्या बाजारपेठेत हरेशशेठचं किराणा दुकान आहे. त्याच्या पायरीच्या डाव्या अंगाला मी उभा असतो आणि मला बघून भल्याभल्यांच्या गाड्या थांबतात. आता थांबतात म्हणा! पूर्वी माझं कुणी कुत्रंही ऐकत नव्हतं. तीच गोष्ट सांगायची आहे, आणि कधी एकदा सांगतो असं झालंय मला.

कारखान्यातून आलो तेव्हा मी कसला चकचकीत होतो! अंगावर पिवळ्याधमक सूर्यफुलाचं चित्र होतं. हरेशशेठनं मला गल्ल्याशेजारी मानाच्या जागी ठेवलं. बायाबापड्या बाटल्या घेऊन यायच्या, शेठ मापानं तेल काढायचे. माझं तोंड सगळ्यांकडे आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे! पण तेल संपलं आणि माझी किंमतही संपली. मला मागच्या अंगणात टाकलं. पावसानं गंजवलं, कोंबड्यांनी माझ्यावर बसून नको ते केलं. माझ्या भावंडांचे पत्रे कापून कुणी न्हाणीला दार केलं, कुणी त्यांच्यात माती भरून तुळस लावली. मला मात्र कुणी हात लावेना. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

मग गाड्यांचा सुळसुळाट झाला आणि माझं नशीब फिरलं. दुकानापुढं जागा केवढी? जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी. आणि यायच्या किती! शाळेतल्या सरांच्या मोटारसायकली, कचेरीतल्या साहेबांच्या गाड्या, शिरपामाळ बघायला आलेले पाहुणे, शेठच्या मालाचा टेम्पो आणि वर पोशेऱ्याहून माणसं कोंबून येणारी रोहिदासची जीप. “पाच मिनिटात आलो” म्हणून गाडी लावायची आणि दाढी करून, चहा पिऊन, मेव्हण्याची चौकशी करून यायचं! दुकानामागं शंभर पावलांवर चिंचेखाली अख्खं मैदान रिकामं पडलेलं असायचं. पण शंभर पावलं चालणार कोण?

रोजच्या बाचाबाचीला कंटाळून शेठनं मला बाहेर काढलं, पोटात सिमेंट भरलं, पाटी लावली. मी फुगलो हो! वाटलं, आता आपणच इथले फौजदार. पहिल्याच दिवशी एकानं मला कवटाळून उचललं, बाजूला ठेवलं आणि माझ्याच जागेवर गाडी लावून वर बांबूला हेल्मेट अडकवलं. दुसऱ्यानं गाडीच्या नाकानं ढकलत नेलं. उजव्या बाजूचा हा मोठा पोचा दिसतो ना, तो त्याचाच.

माझ्या शेजारी बाजाराच्या दिवशी गोजाबाई बसायची. साखरशेतची म्हातारी. डोक्यावर टोपली घेऊन चालत यायची. टोपलीत कधी नाचणी, पावसाळा सरता सरता माळावरच्या काकड्या. शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनची तिची ती जागा. दोन हात लांब आणि दोन हात रुंद, बस्स! तेवढ्यावर तिचा बाजार. गाडी आली की ती सरकायची, दुसरी आली की आणखी सरकायची. सरकून सरकून गटाराच्या काठाशी यायची. पण कुणाशी भांडायची नाही. फक्त माझ्या अंगावर थाप मारून म्हणायची, “उभा रेय, बाबा. तू तरी उभा रेय.”

आणि माझ्याच हातून ते व्हायचं होतं!

त्या बाजारी जी धुमश्चक्री उडाली, विचारू नका! रोहिदास जीप मागं घेतोय, समोरून मालाचा टेम्पो शिरतोय, मध्येच नीता मॅडमची गाडी. या मॅडम आश्रमशाळेत शिकवतात. “आधी मी आले!” “माझी माणसं उतरायची हायेत!” हॉर्न काय, आरडाओरडा काय! कुणी मागं हटेना. तेवढ्यात जीपचा मागचा भाग मला लागला. मी डुललो, तोल गेला आणि सिमेंटच्या सगळ्या वजनासकट गोजाबाईच्या टोपलीत आडवा झालो. काकड्यांचा चेंदामेंदा! म्हातारी नुसती बघत राहिली. मित्रांनो, पत्र्याला रडता येत असतं ना, तर मी तिथंच रडलो असतो.

शेठचा पारा चढला. म्हणाले, “पुरे झालं! आजी, पुढच्या बाजारापासून तुम्ही एसटी स्टँडकडं बसा. उद्या गाडी तुमच्या अंगावर आली तर मी काय तोंड दाखवू? आणि हा डबा भंगारात द्या.”

“तिकडं मना कोण वळखतं?” एवढंच गोजाबाई बोलली.

पुढच्या बाजारी ती अगदी सकाळीच आली. पेठ अजून उघडत होती, भंगारवालाही आलेला नव्हता. तिच्या हातात वाटेतून उपटलेलं लांब गवत होतं. तिनं त्याला पीळ दिला, माझ्या बांबूला पाटीच्या खाली गुंडाळलं, घट्ट गाठ मारली आणि गाठीत एक हिरवी डहाळी खोचली. मग गपचूप आपल्या दोन हात जागेवर बसली. मला काही कळेना. एवढ्या सिमेंटनं जे झालं नाही ते गवत करणार?

नऊ वाजले. रोहिदासची जीप आली! नेहमीसारखी मागं, मागं, मागं. मी डोळे मिटले. आणि खचकन ब्रेक! रोहिदास खाली उतरला. पाटीकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. गाठीकडं बघितलं.

“ही गाठ कुणाची?”

“माजी,” गोजाबाई म्हणाली.

“मंग आधी का नाय बांधली, आजे?”

“शेठनं पाटी लावली व्हती. मना वाटलं, पाटी मोठी.”

रोहिदासनं मान खाली घातली आणि जीप सरळ चिंचेखाली नेली! जीपमधून उतरलेल्या माणसांनी गाठ बघितली. पाड्यावरची पोरं मोटारसायकलवर आली, त्यांनीही बघितली. एकामागून एक गाड्या चिंचेकडं वळायला लागल्या! शेठ पायरीवर येऊन तोंड उघडं टाकून बघत होते.

तेवढ्यात नीता मॅडम आल्या. उतरल्या आणि मला ढकलायला माझ्या अंगाला हात घातला.

“मॅडम, हात नका लावू! गाठ हाय!” रोहिदास पलीकडून ओरडत आला.

“अरे, गवत तर आहे.”

“आमच्याकडं रानात लाकडाची मोळी ठेवली, मधाचं पोळं सापडलं, की अशी गाठ मारून जातात. म्हंजे हे कुणाचं तरी हाय. राखायला कुणी नसलं तरी कुणी हात लावत नाय.”

मॅडमचा हात माझ्यावरच राहिला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. हळूच म्हणाल्या, “माझ्या वर्गातली मुलं बाकाला गवत बांधतात. मी रोज कचरा म्हणून काढून टाकते. आणि वर त्यांनाच रागावते.”

मॅडमनी गाडी चिंचेखाली नेली, शंभर पावलं चालत आल्या आणि गोजाबाईसमोर खाली बसून काकड्या निवडायला लागल्या. शेठनी भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, “आजी, इथंच बसा.” मला तर नाचावंसं वाटत होतं, पण पोटातलं सिमेंट आडवं आलं!

मागच्या महिन्यात एका बाजारी गोजाबाई आलीच नाही. तापानं फणफणली होती म्हणे. जुनी गाठ वाळून गळून पडली होती. मी धसकलो. आता काय अडवणार मी? तेवढ्यात नीता मॅडम चालत आल्या. हातात गवत. बराच वेळ खटपट करून त्यांनी बांबूला गाठ मारली. बाजार ओसंडून वाहत होता, तरी ती दोन हात जागा दिवसभर रिकामी राहिली. एकही चाक तिकडं वळलं नाही.

आठवड्यानं गोजाबाई आली. तिनं गाठ चाचपली आणि खुदकन हसली.

“कुणी बांधली गं बाय ही? उलटी बांधली हाय!”

पण तिनं ती सोडली नाही. डोक्यावरची टोपली उतरवली आणि आपल्या जागेवर बसली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या गंजक्या डब्याला तुम्ही खुशाल विसरा. पण कुठं बाकाला, दाराला, फांदीला गवताची गाठ दिसली, तर कचरा म्हणून ओढू नका. आधी विचारा, ही कुणाची?