भोकांची भिंत

मी एक जुनी भिंत आहे, अंगभर भोकं असलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

शिवणकामाच्या एका कारखान्यात मी उभी आहे. माझ्या विटा इथल्याच पडक्या धुराड्याच्या. "चांगल्या विटा फेकून नव्या भाजायच्या कशाला?" असं आर्किटेक्टबाई म्हणाल्या होत्या. नकाशा काढण्याआधी त्या आठ दिवस हातात शिवणाचा दोरा धरून रिकाम्या जागेत फिरल्या. वाऱ्याने दोरा कुठून कुठे हलतो ते बघायचं आणि खूण करायची. लोक म्हणाले, बाईंचं डोकं फिरलंय.

मला बांधलं गवंडीकाकांनी. कारागीर एक नंबर, पण भिंतीत भोक राहिलं तर आपली अब्रू गेली असं त्यांना वाटायचं. बाईंची पाठ वळताच त्यांनी माझ्या भोकांच्या तीन ओळी मन लावून बुजवल्या! बाई रागावल्या नाहीत. छपराखाली एक स्टूल मांडलं आणि भर दुपारी काकांना त्यावर बसवलं. अर्ध्या तासात काका घामाने निथळले, छिन्नी घेऊन उठले आणि सगळी भोकं त्यांनी स्वतःच मोकळी केली.

मग वीस-बावीस वर्षं माझ्यातून वारा आला आणि बायका सुखाने शिवत राहिल्या. लांबून लोक मला बघायला यायचे, फोटो काढायचे. मी थोडी शेफारलेही.

पुढे बाई वारल्या. नवे मालक आले. "इथे काच हवी. बाहेरून कसं झकास दिसलं पाहिजे!" तोवर धूळ नको म्हणून त्यांनी मला बाहेरून फळ्या ठोकल्या आणि आत गार हवेचं मशीन बसवलं. ते मशीन दिवसभर घरघरायचं, तरी कोंडलेल्या हवेत बायकांना घेरी यायची. मला भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही.

मला पाडायला त्यांनी बोलावलं कुणाला, तर गवंडीकाकांनाच. काकांनी हातोडा खाली ठेवला.

"मालक, मशीन बंद करा आणि अर्धा तास इथे बसा. मग पाडतो, चकार शब्द काढणार नाही."

"मला काय धाड भरलीय? बसतो की!"

विसाव्या मिनिटाला मालकांनी कॉलर सैल केली. "एक फळी काढा हो."

"एकच?" काकांनी विचारलं.

एक निघाली. काजं करणाऱ्या मावशींनी माझ्या भोकाशी दोरा धरला. तो आतल्या बाजूला तरंगला. मालक उठून त्या भोकासमोर जाऊन बसले. मग म्हणाले, "राहू दे ती भिंत."

त्या फळ्यांचं आता कापड बेतायचं टेबल झालंय. मालक अजूनही मला गबाळी म्हणतात. म्हणोत बापडे.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. मला हात नाहीत आणि तो माझा स्वभावही नाही. पण तुमच्या शाळेची खिडकी कुणी बुजवायला आलं, तर भांडत बसू नका. त्याला भर दुपारी आत स्टुलावर बसवा.