सोळा नटांवरची पिवळी रेघ

‘सदर वाहनाची आमच्या अधिकृत सेवा केंद्रात बावन्न मुद्द्यांची संपूर्ण तपासणी करण्यात आली. चारही चाके उतरवून ब्रेक यंत्रणा तपासण्यात आली, चाकांची अदलाबदल करण्यात आली व ब्रेक ऑइल बदलण्यात आले. सर्व मुद्दे समाधानकारक आढळले. सबब, अपघातास तत्पूर्वी अनधिकृत गॅरेजमध्ये झालेले निकृष्ट काम कारणीभूत असल्याचे आमचे स्पष्ट मत आहे.’

चार वाक्ये. सगळा डोलारा चौथ्यातल्या ‘सबब’ या शब्दावर, आणि तो शब्द पहिल्या तिघांच्या खांद्यावर. तेव्हा आधी ती तीन पाहणे बरे.

निवेदनाला जॉब कार्ड जोडलेले होते. त्यावर गाडी आत आल्याची वेळ दहा चाळीस, बाहेर पडल्याची अकरा पंचवीस. या दोन्ही वेळा यंत्राने छापल्या होत्या, आणि यंत्राला अजून कुणी संस्थेशी निष्ठा शिकवलेली नव्हती. म्हणजे पंचेचाळीस मिनिटांत गाडी धुतली गेली, इंजिन ऑइल बदलले गेले, चार चाके उतरली, पुढची मागे आणि मागची पुढे जाऊन बसली, ब्रेकचे जुने तेल निथळून नवे भरले गेले आणि उरलेल्या वेळात बावन्न मुद्दे तपासून झाले. मुद्द्यांपुढच्या बावन्न खुणा एकाच पेनने, एकाच तिरक्या झोकात, एका दमात ओढलेल्या. ब्रेक पॅडची जाडी डावीकडे सात पूर्णांक शून्य, उजवीकडे सात पूर्णांक शून्य. गेल्या वर्षीच्या कार्डावरही सात पूर्णांक शून्यच. गाडीच्या मालकिणीने वर्षभर ब्रेकला पायच लावला नाही असे धरले, तर आकडे बिनचूक होते.

चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलाच्या कडेला उभे राहून वहिनींनी ही फाइल चाळली आणि त्यांच्या हे सगळे ध्यानात यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. वहिनी म्हणजे ज्यांच्यावर ठपका होता त्या मेस्त्रींची बायको; सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे. त्यांना कागद वाचता येत होता, कारण बावीस वर्षे त्या स्वतः एक कागद लिहीत आल्या होत्या.

मेस्त्रींचे हात दिवसभर ग्रीसने माखलेले. त्यामुळे संध्याकाळी शटर अर्धे ओढले की ते नळाखाली हात चोळत दिवसाची कामे सांगत आणि वहिनी लांब, आखीव, शिवलेल्या वहीत ती उतरवून घेत. सुरुवातीला त्या वाक्ये नीटनेटकी करून लिहीत. मेस्त्रींनी एकदा वाचले आणि म्हणाले, ‘‘हे कोण बोलतंय? मी नाही. अगं, गाडी परत आली की मला माझंच बोलणं ऐकू यायला हवं. तू मला शुद्ध करू नकोस, तुझ्या आईला ते जमलं नाही.’’ तेव्हापासून ते सांगतील ते, सांगतील तसे. दर नोंदीचे दोन भाग असत. ‘केलं’ आणि ‘राहिलं’. पट्टा जुना आहे, पुढच्या खेपेला बघू. आवाज येतोय, कुठून ते कळलं नाही. गिऱ्हाइकाला घाई होती. बावन्न मुद्द्यांच्या त्या पत्रकात ‘राहिलं’ला रकानाच नव्हता. ज्यात काहीच राहत नाही असे काम जगात एकाच प्रकारचे असते : जे कुणी केलेलेच नसते.

मेस्त्रींची दुसरी खोड पिवळ्या रंगाची. चाक बसवून नट आवळला की नटापासून रिमपर्यंत ते बारीक ब्रशने एक सलग रेघ ओढत. नट नंतर कुणी केसभर जरी फिरवला, तरी रेघ तुटते. पुन्हा कितीही आवळा, दोन तुकडे जसेच्या तसे जुळत नाहीत.

गाडी होती टेकडीवरच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरची. आठ वर्षांची छोटी गाडी. बारीकसारीक कामांना ती मेस्त्रींकडे येई आणि वर्षातून एकदा शोरूमच्या सेवा केंद्रात जाई. तिथले बिल इथल्या चौपट. त्यात ‘चाके उतरवणे व बसवणे’ अशी स्वतंत्र ओळ असे, म्हणजे न उघडलेल्या चाकांचीही उघडणावळ वसूल होई. ‘‘पुस्तकावर शिक्का पडतो हो मेस्त्री,’’ सिस्टर म्हणे, ‘‘विकायला काढली की लोक शिक्के बघतात. तुमची वही कोण बघणार?’’ मेस्त्री हसून म्हणत, ‘‘बघू नये कुणी. त्यात माझ्या सगळ्या चुका आहेत.’’

महिन्याच्या चार तारखेला गाडी मेस्त्रींकडे येऊन गेली. तेवीसला सेवा केंद्रात. त्यानंतर अकराव्या दिवशी, ड्यूटी संपवून सिस्टर सकाळी टेकडी उतरत असताना पुढच्या डाव्या चाकाकडे ब्रेकचे तेल नेणारा रबरी होज पाइप फुटला. अशा वेळी अर्धे ब्रेक शिल्लक राहतात. त्या उतारावर अर्धे पुरत नाहीत. गाडी दगडी कठड्यावर गेली आणि सिस्टर जागीच गेली.

पहिल्या सुनावणीला अधिकाऱ्यांनी सगळ्यांना खाली आवारात नेले. चेपलेल्या गाडीपाशी मेस्त्री उकिडवे बसले आणि त्यांनी एकेका नटावर बोट ठेवले. सोळाच्या सोळा रेघा अभंग. सेवा केंद्राचा वर्क्स मॅनेजर, इस्त्रीच्या शर्टातला, आवाज कधी न चढवणारा माणूस, मागे हात बांधून पाहत होता.

‘‘साहेब, रंग काय, कुणीही कधीही लावावा,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्याकडून गेल्यावर गाडी पुन्हा यांच्याकडे गेली नसेल कशावरून? आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची नोंद असते. यांच्याकडे असते का?’’

मेस्त्रींची मान ताठ झाली. ‘‘असते. बावीस वर्षांची आहे. कुठल्या दिवशी कुठल्या नटाला रेघ मारली, तेसुद्धा आहे.’’

‘‘मग परवा वही घेऊन या,’’ अधिकारी म्हणाले.

चार तारखेचे पान वहिनींना तोंडपाठ होते. रेघांची नोंद त्या पानावर होती, आणि तिच्या खाली ‘राहिलं’ होते.

दोघे परत आले. गॅरेजच्या दाराशी मेस्त्रींनी किल्ली लावली आणि तसेच उभे राहिले.

‘‘काय लिहिलंयस त्या दिवशी?’’

‘‘तुम्ही सांगितलं ते.’’

‘‘सगळं?’’

‘‘कधी अर्धं लिहिलंय का मी, अहो?’’

मेस्त्री आत जाऊन एका उलट्या डब्यावर बसले. ‘‘म्हणजे पाइप चिरलेला मला दिसला होता आणि तरी मी गाडी सोडली, हे माझ्याच तोंडून, तुझ्याच अक्षरात. हे वाचल्यावर मला घरी कोण पाठवेल?’’

‘‘रेघेची तारीख दाखवायची तर पान दाखवावंच लागेल.’’

‘‘पान दाखवू. हेच कशाला?’’ त्यांनी वर पाहिले नाही. ‘‘अक्षर तुझं आहे. वही कोपऱ्यावरच्या दुकानात अजून मिळते.’’

बावीस वर्षांत या माणसाने बायकोकडे खोटे मागितले नव्हते. म्हणून मागताना ते त्याला नीट जमलेही नाही. वहिनींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कामाच्या फळीवर जुनी वही उघडली आणि शेजारच्या नव्या वहीत तीन महिने उतरवून काढले. मध्येच ग्रीसचे बोट लावले, एका पानावर चहाचा डाग पाडला, दोन ठिकाणी मुद्दाम खाडाखोड केली. चार तारीख आली. ‘केलं : चारी चाकं उघडली, ब्रेक साफ केले, सोळा नटांना पिवळी रेघ. होज पाइप ठीक. राहिलं : काही नाही.’

‘काही नाही’ हे शब्द त्या रकान्यात त्यांनी आजवर कधी लिहिले नव्हते. त्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. अक्षर त्यांचेच होते. भाषा मात्र ओळखीची असून आपली नव्हती. ती त्यांनी कालच एका गुळगुळीत फाइलीत वाचली होती.

दुसऱ्या सुनावणीच्या दिवशी त्या दोन्ही वह्या पिशवीत घालून गेल्या. मेस्त्री आवारात गाडीपाशी थांबले होते. वरच्या मजल्यावरच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. सिस्टरची आई. तिने वहिनींना जागा करून दिली आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे पाहत, विचारले, ‘‘ताई, माझ्या मुलीला कुणी सांगितलं होतं का हो, ब्रेकचं? ते मॅनेजर म्हणतात, तिनं काहीच तक्रार केली नव्हती. कार्डावर तसं छापलंय म्हणे. गाडीकडे लक्ष नव्हतं तिचं, असं म्हणतात. ती तशी नव्हती हो. पेशंटचा ताप अर्ध्या डिग्रीनं चढला तरी उठून लिहून ठेवायची.’’

वहिनी ‘आलेच’ म्हणून उठल्या आणि जिना उतरू लागल्या. मेस्त्री वरच येत होते. मधल्या वळणावर वहिनींनी त्यांना अडवले.

‘‘अहो, नवी वही चालणार नाही.’’

‘‘का? ओळखू येते?’’

‘‘नाही. चांगली झालीय, तेच तर. आपण लिहिलं, पाइप ठीक. त्यांनी लिहिलंय, पाइप ठीक. मग मॅनेजर म्हणेल, बघा, यांनी तर चाक उघडून पाहिलं, यांनाही ठीकच दिसला. मग आमचं काय चुकलं? त्यांच्या खोट्याला आपली साक्ष होईल. रेघ खरी ठरूनही ते सुटतील. पाइप चिरलेला होता, हे सांगणारा कागद जगात एकच आहे.’’

मेस्त्री कठड्याला टेकले. खालून कुणीतरी फाइलींचा गठ्ठा घेऊन वर आले, त्याला त्यांनी वाट दिली. मग ते म्हणाले, ‘‘आयुष्यात एकदा शोरूमवाल्यांशी मत जुळणार होतं. तेही तुला बघवेना.’’

वहिनींना हसू आले नाही. त्यांनी मेस्त्रींचा हात धरला.

‘‘तिची आई वर बसलीय. विचारतेय, मुलीला कुणी सांगितलं होतं का.’’

‘‘दोनदा सांगितलं होतं,’’ मेस्त्री म्हणाले. त्यांनी पिशवीकडे हात केला. मग, ‘‘दे. जुनी दे.’’

खोलीत पंखा कुरकुरत होता. अधिकाऱ्यांनी शिवण पाहिली, पानांचे क्रमांक पाहिले, मागची पुढची पाने उलटली, तेवीसनंतर ही गाडी वहीत पुन्हा कुठे नाही हे पाहिले आणि चार तारखेवर बोट ठेवले. रेघांची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. मॅनेजरने पेनचे टोपण काढले, पुन्हा लावले. चार तारखेला मारलेली रेघ तेवीसला चाके उतरून अभंग राहू शकत नाही, हे समजायला बावन्न मुद्दे लागत नाहीत.

‘‘याच्या खाली अजून आहे,’’ अधिकारी म्हणाले. ‘‘डाग पडलाय, लागत नाही.’’ मग मनाशी दोन शब्द लागले असावेत, कारण त्यांनी चष्मा काढला. ‘‘मेस्त्री, हे वाचलं की तुमचा जबाब म्हणून घ्यावं लागेल. कळतंय ना?’’

‘‘माझंच बोलणं आहे. हिला वाचू द्या, हिला लागतं.’’

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. सेवा केंद्राला नोंदी अधिक काळजीपूर्वक ठेवण्याची समज देण्यात आली. त्यांनी आता मुद्दे साठ केले आहेत. गुन्हा मेस्त्रींवर दाखल झाला. कायद्याला ‘माहीत होते’ हे सिद्ध करावे लागते. ज्यांनी चाक उघडलेच नाही त्यांना काही माहीत असण्याचा प्रश्न येत नाही. ज्याने उघडले, पाहिले आणि वर लिहूनही ठेवले, त्याच्याविरुद्ध मात्र पुरावा भक्कम होता. जगात अज्ञानाइतका सुरक्षित, आणि चौपट दराने विकता येणारा, दुसरा माल नाही.

त्या दिवशी वहिनींनी वही हातात घेतली. दारापाशी सिस्टरची आई येऊन उभी होती. वहिनींनी तिच्याकडे पाहून, एकही शब्द शुद्ध न करता, वाचले :

‘‘राहिलं. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा होज पाइप चिरलाय. नवा आज मिळाला नाही, दोन दुकानं पाहिली. सिस्टरना म्हटलं, गाडी ठेवून जा. त्या म्हणाल्या, ड्यूटी आहे, आणि शोरूमला नेणारच आहे, तिथं सांगून बदलून घेते. पुन्हा म्हटलं, ठेवून जा. त्या हसल्या. चावी माझ्या खिशात होती. मी काढून दिली. द्यायला नको होती.’’