साइमीचा तोल आणि माझी कॉफी

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची किटली आहे. अंगावर निळे इनॅमल, बुडाशी काळा थर आणि चोचीचा एक टवका उडालेला. फिनलंडमधल्या कुओपिओ गावातल्या एका बॅलेशाळेच्या स्वयंपाकघरात माझे सारे आयुष्य गेले. नाच शिकवणाऱ्या हिल्काबाईंनी मला पहिल्यांदा चुलीवर ठेवले, तेव्हा त्यांचे केस सोनेरी होते.

इथे कुणी आनंदात असो की दुःखात, आधी त्याला कॉफी देतात आणि दिलेली कॉफी सहसा कुणी नाकारत नाही. त्यामुळे माझा फार मान. सकाळी कपभर कॉफी पोटात गेली की पेंगुळलेल्या मुली तरतरीत होत. खोटे कशाला बोलू, मी फुगून गेले होते.

मग साइमी नाच शिकायला आली. वसंतातल्या कार्यक्रमात एकटीने कुणी नाचायचे, ते ठरायचे होते आणि तिला ती जागा हवीच होती. न्याहारी टाकून ती माझ्याकडे येई. कॉफीने भूक मरते, थकवा दबतो. पण अंग थकायचे थोडेच थांबते? रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी आणखी कॉफी. तिचे हात कापू लागले, छाती धडधडू लागली, एका पायाच्या चवड्यावर उभी राहिली की तोल जाऊ लागला. आणि ती थरथरताना दिसली की सगळे मायेने तिचा कप भरत, हिल्काबाईसुद्धा. मला फार वाईट वाटे.

निवडीला आठवडा उरला असताना साइमी सरावात पडली. हिल्काबाईंनी तिला आत आणून बसवले आणि पुन्हा मलाच उचलले. कप देताना तिचे मनगट त्यांच्या हाती लागले. नाडी नुसती पळत होती.

"पोरी, आज काय खाल्लंस?"

"कॉफी घेतली ना."

"खाल्लंस काय, ते विचारतेय मी."

साइमी खाली बघून म्हणाली, "सगळे इतक्या प्रेमानं देतात. नको कसं म्हणू?"

हिल्काबाईंनी तो कप मोरीत ओतला. "आम्हाला मेल्यांना माया करायची दुसरी रीतच ठाऊक नाही," म्हणत त्यांनी ओटची लापशी शिजवायला घेतली आणि वर लोण्याचा गोळा सोडला.

त्यानंतर आधी लापशी, मग सकाळचा एकच छोटा कप. पहिले काही दिवस साइमीचे डोके ठणकले, तिने चिडचिडही केली. पण झोप परत आली. निवडीच्या दिवशी ती चवड्यावर उभी राहिली, ती हललीच नाही. जागा तिला मिळाली.

अभिनंदन करायला मैत्रिणींनी लगेच मला उचलले. साइमी म्हणाली, "कॉफी नको गं. भूक लागलीय मला."

मला कुणी नाकारावे आणि मला आनंद व्हावा, असे कधी घडले नव्हते. मित्रांनो, दमलेल्या माणसाच्या हातात कप देण्याआधी त्याला एवढेच विचारा, जेवलास का?